यांचं भागतं कसं?

दुसऱ्याच्या घरात दरमहा किती पैसा येतो, त्यातला किती कशावर जातो आणि उरलेल्यात एक पाळणा हलू शकेल की नाही, याचा त्या घरातल्या कोणालाही न विचारता बांधलेला अंदाज म्हणजे परहिशेब. आणि असे अंदाज बांधण्याची जी विद्या मराठी मध्यमवर्गाने जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी आणि हळदीकुंकवाच्या सतरंजीवर पिढ्यानपिढ्या जोपासली, तिला सोयीसाठी परहिशेबशास्त्र म्हणता येईल. या शास्त्राचा विभाग अद्याप कोणत्याही विद्यापीठात निघालेला नाही, कारण त्यात सगळेच प्राध्यापक आहेत आणि विद्यार्थी व्हायला कोणी तयार नाही. त्याचा मूलभूत प्रश्न तीन शब्दांचा आहे: "यांचं भागतं कसं?" यातले 'भागणे' हे क्रियापद नीट समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. गणितात भागणे म्हणजे एका संख्येने दुसरीला भाग देणे, संसारात भागणे म्हणजे पगार महिनाअखेरपर्यंत पुरणे, आणि 'दमलाभागला' या जोडशब्दात तेच क्रियापद थकून जाण्याच्या अर्थाने येते. मूल होऊ द्यावे की नाही असा विचार करणाऱ्या जोडप्याला हे तिन्ही अर्थ साधारण याच क्रमाने भेटतात. शास्त्रज्ञांना मात्र फक्त पहिल्यात रस असतो, आणि तोही बाकी शून्य उरते असे दाखवून देण्यापुरता.

या विद्येला परदेशी पूर्वपीठिका आहे, हे स्थानिक अभ्यासकांना रुचणार नाही, तरी ते नोंदवायला हवे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून असा नियम मांडला की घराचे उत्पन्न जसजसे वाढते तसतसा त्यातला खाण्यापिण्यावर जाणारा हिस्सा कमी होत जातो. त्याला त्यासाठी कोष्टके लागली. डोंबिवलीतल्या एखाद्या काकू समोरच्या घरी पावशेर गवार गेली की अर्धा किलो, एवढ्यावरून तोच निष्कर्ष काढतात आणि वर गवार जून होती हेही सांगतात. पुढे १९६० मध्ये गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मूल ही एक टिकाऊ उपभोग्य वस्तू, म्हणजे मोटार किंवा फ्रिज यांच्यासारखी एकदा घरात आली की वर्षानुवर्षे समाधान देणारी गोष्ट मानून कुटुंबाच्या आकाराचा विचार करता येईल, असे प्रतिपादन केले, आणि मानवी वर्तनाचा असाच आर्थिक अंगाने शोध घेतल्याबद्दल १९९२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. बेकरच्या मांडणीत एक उणीव राहून गेली. फ्रिज देण्यापूर्वी दुकानदार गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्यांना बोलावून "यांना देऊ ना?" असे विचारत नाही, आणि फ्रिज घरी आल्यावर त्याच्या नाकाकडे निरखून तो कोणावर गेला आहे याची चर्चाही होत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चिकाटीने चालवले. मुले किती हवीत आणि केव्हा हवीत हे जोडप्याच्या हातात असावे, या मतापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली आणि मासिकापायी त्यांच्यावर खटले झाले. ते गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. समाजाने त्यांचे म्हणणे अखेर मान्य केले. फक्त 'नवराबायकोने ठरवावे' या वाक्यात 'नवराबायकोने, सासूबाईंनी, आत्याबाईंनी आणि बी विंगने ठरवावे' एवढी किरकोळ दुरुस्ती सुचवली.

अभ्यासाचा नमुना म्हणून डोंबिवली पूर्वेची, लिफ्ट नसलेली, चार मजली आणि सोळा बिऱ्हाडांची एक इमारत निवडता येईल. तिच्या तिसऱ्या मजल्यावर लग्नाला चार वर्षे झालेले, दोघेही नोकरी करणारे आणि घराचा हप्ता फेडणारे जे जोडपे राहते, त्याचा उल्लेख या विवेचनात 'संबंधित दांपत्य' असा केला आहे, कारण त्यांची नावे इमारतीतही फारशी कोणी घेत नाही. "ते तिसऱ्या मजल्यावरचे" म्हटले की भागते. दोघे सकाळी लोकल पकडायला बाहेर पडतात ते रात्री आठाच्या पुढे परततात, म्हणजे दिवसाचे तेरा तास त्यांचे घर बंद असते. परहिशेबशास्त्रात बंद घराइतके बोलके साधन दुसरे नाही, कारण उघड्या घरातली माणसे मध्येच खरी माहिती देऊन अंदाजाचा विचका करतात.

पुरावा गोळा करण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण त्यांतली सर्वांत विश्वासार्ह म्हणजे सुक्या कचऱ्याचा डबा. ओला कचरा माणूस काय खातो हे सांगतो, सुका कचरा तो काय विकत घेतो हे सांगतो. आणि महानगरपालिकेने हे दोन डबे वेगळे करण्याचा आग्रह धरला तेव्हा परहिशेबशास्त्राची आपण केवढी सेवा करत आहोत याची तिला कल्पना नसावी. त्याखालोखाल वॉचमन येतो, ज्याच्या टेबलावर दिवसभर आलेली पार्सले थांबतात. तळमजल्यावरच्या काकू आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी यांच्यात अशा एका पार्सलावरून झालेला संवाद पद्धतीचा नमुना म्हणून येथे देण्यासारखा आहे.

"काल परत खोकं आलं हो त्यांच्याकडे."

"मोठं?"

"मिक्सरएवढं."

"मग याही वर्षी काही नाही."

मिक्सरएवढे खोके ते याही वर्षी काही नाही, ही झेप सामान्य वाचकाला लांबची वाटेल, पण मधल्या पायऱ्या शास्त्रज्ञांना तोंडपाठ असल्याने त्या बोलून दाखवायची गरज पडत नाही: खोके म्हणजे खर्च, खर्च म्हणजे चैन, चैन म्हणजे जबाबदारी टाळणे, आणि जबाबदारी टाळणारे पाळणा कशाला टाळणार नाहीत. खोक्यात प्रत्यक्षात कंबरेचा पट्टा होता. लोकलमध्ये दीड वर्ष एका पायावर उभे राहिल्याने संबंधित पतीच्या कंबरेने असहकार पुकारला होता, आणि बाळाला कडेवर घ्यायचे तर आधी कंबर हवी, असा दांपत्याचा त्यामागचा दूरदर्शी विचार होता. ही बाब पुढे उघड झाली तेव्हा निष्कर्ष बदलण्याऐवजी त्याला जोड देण्यात आली: "आत्ताच पट्टा? मग मूल उचलणार कोण?"

यावरून परहिशेबाचा पहिला सिद्धांत हाती लागतो, तो असा की संबंधित दांपत्याचा कोणताही खर्च आणि कोणतीही काटकसर एकाच निष्कर्षाकडे जाते. त्यांनी एसी बसवला तेव्हा "चैनीला पैसे आहेत, मुलाला नाहीत" असे ठरले. तोच एसी पुढच्या मे महिन्यात बंद पडला आणि त्यांनी तो सहा आठवडे तसाच ठेवला, तेव्हा "साधा गॅस भरायला परवडत नाही, मूल काय परवडणार" असे ठरले. दोघे दिवाळीत गोव्याला गेले ती उधळपट्टी होती, आणि पुढच्या दिवाळीत घरीच राहिले ती ओढाताण होती. कामाला मावशी ठेवल्या तर बाईला घरकाम नको असते, आणि मावशी सोडल्या तर नोकरी गेलेली असते. भौतिकशास्त्रात दोन उलट प्रयोग एकच निकाल देऊ लागले तर उपकरण तपासतात. येथे उपकरण चष्मा लावून गॅलरीत उभे असते आणि त्याला कोणी तपासायला गेले तर आधी त्याचाच पगार विचारते.

दुसरा सिद्धांत मुलांच्या योग्य संख्येविषयीचा आहे. ही संख्या उत्पन्नावर, घराच्या चौरस फुटांवर किंवा आईच्या प्रकृतीवर अवलंबून नसून सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांच्या संख्येवर अवलंबून असते. एक मूल असलेल्याला दोन ही उधळपट्टी वाटते, दोन असलेल्याला एक हा आप्पलपोटेपणा आणि तीन हा बेफिकीरपणा वाटतो, आणि तीन असलेले काका मात्र देवाची कृपा हे शब्द वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरीने होणाऱ्या अपत्यांची संख्या, १.७ निघाला. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून तळमजल्यावरच्या काकूंनी समाधानाने मान हलवली, कारण त्यांच्या मते एक पूर्णांक त्यांच्या घरात होता आणि उरलेले दशांश सात धाकट्या जावेकडे होते.

सरकारही या क्षेत्रात नवखे नाही. भारताने १९५२ मध्येच राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. त्याची खूण असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगवला. आणि महाराष्ट्रात २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र मागायला सुरुवात केली. तरी सरकारचा परहिशेब शेजाऱ्यांच्या तुलनेत कच्चाच म्हणावा लागेल. आयकराच्या १९६२ च्या नियमांत मुलांच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या भत्त्यावर सूट ठेवली गेली, ती दर मुलामागे महिना १०० रुपये, फार तर दोन मुलांपर्यंत, आणि मूल वसतिगृहात असल्यास आणखी ३०० रुपये. हा आकडा कित्येक वर्षे जागचा हलला नाही. आजच्या भावाने १०० रुपयांत पाच-सहा वडापाव येतात, सुकी चटणी मागून घेतली तर. म्हणजे पगारपत्रक भरणाऱ्या कारकुनाच्या समजुतीप्रमाणे देशातले मूल महिनाभर सहा वडापावांच्या बळावर शिकत होते, आणि तिसरे मूल झाले तर त्याने भावंडांच्या वडापावातला घास मागून घ्यावा अशी अपेक्षा होती. असे असले तरी सरकारच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागेल: लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रात 'मग एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला?' असा रकाना नाही.

जुन्या पिढीचे योगदान वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे. तिचे संशोधन 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होते आणि त्यात एक चमत्कारिक आर्थिक घटना आढळते, जिला स्मरणातील चलनघट म्हणता येईल. बाजारातल्या वस्तूंचे भाव काळाबरोबर वाढतात, हे सर्वविदित आहे. पण संबंधित पतीच्या काकांचा गिरगावातल्या चाळीतला पगार मात्र काळाबरोबर घटत जातो. संबंधित पतीच्या मुंजीत तो पगार ६५० रुपये होता. त्याच्या लग्नात तो ४०० वर आला होता. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर काकांनी तो २७५ असल्याचे जाहीर केले, आणि त्या पगारात वाढलेल्या भावंडांची संख्या पाचावरून सातावर गेली, तर दहा बाय बाराची खोली आठ बाय दहाची झाली. या वेगाने आणखी दहा वर्षांत काका बिनपगारी होतील आणि अकरा भावंडे एका फडताळात मोठी झाल्याचे ऐकायला मिळेल. नव्या पिढीने यावर काही बोलू नये असा प्रघात आहे, पण संबंधित पत्नीने एकदा विचारलेच.

"काका, मग तुमच्या सगळ्या भावंडांना दिवसभर सांभाळायचं कोण?"

"आजी होती ना!"

"आणि आजीला काय मिळायचं?"

"आजीला काय मिळायचं म्हणजे?"

काकांना प्रश्न कळला नाही, हे खरे तर त्या पूर्ण जमाखर्चाचे गुपित होते. आजी, एक विधवा आत्या आणि शेजारच्या खोलीतल्या मावशी अशा तीन माणसांचे चोवीस तासांचे काम त्या २७५ रुपयांच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हते; आज त्याच कामाला पाळणाघर म्हणतात, ते संध्याकाळी सातला बंद होते, आणि सात वाजून दहा मिनिटांनी लोकल दिवा स्टेशनजवळ सिग्नलला उभी असते.

सगळ्यांच्या अंदाजांनी बेजार होऊन संबंधित दांपत्याने एका रविवारी स्वतःचा हिशेब स्वतः करायचे ठरवले आणि लॅपटॉपवर एक्सेलचे पान उघडले. पहिल्या तासात डॉक्टर, सोनोग्राफी, बाळंतपण (एक रकाना साध्या प्रसूतीचा, एक सिझेरियनचा), लसी आणि डिंकाच्या लाडवांचा सुकामेवा एवढे नीट मांडून झाले. डायपरपाशी पहिला मतभेद झाला. दिवसाला सहा आणि नगाला दहा रुपये धरले तर महिन्याचे १८०० होतात, हे पतीने सांगितल्यावर पत्नीने जुन्या धोतरांच्या लंगोटांचा प्रस्ताव मांडला, पण घरात धोतर नेसणारे कोणी नसल्याने, आणि नवीन धोतर आणून ते जुने होईपर्यंत नेसणार कोण हे न ठरल्याने, तो मागे पडला. मग बालवाडी आली, शाळा आली, शाळेची बस आली, क्लास आला, क्लासमध्ये न शिकवलेले शिकवणारा दुसरा क्लास आला, चित्रकला आणि तबला आले, इंजिनिअरिंग आले, आणि रात्री साडेअकराला, दोघांचेही डोळे मिटत असताना, कोणीतरी 'इतर' नावाची ओळ घालून तिच्यात वाटेल तो आकडा टाकला. बेरजेचे बटण दाबल्यावर चौकटीत आकड्यांऐवजी ######## अशी रांग उमटली.

"हे काय आलं?"

"बहुतेक उत्तर."

चौकट अरुंद असली आणि आकडा तिच्यात मावत नसला की एक्सेल असेच दाखवते, एवढेच त्यात होते. पण दांपत्याने चौकट रुंद करून आतला आकडा पाहण्याचे धाडस त्या रात्री केले नाही, पुढच्या रविवारीही केले नाही, आणि फाइलला 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरी' अशी नावे देत ते सहा महिने तिच्याभोवती फिरत राहिले.

या अवस्थेत त्यांच्याकडे विमा एजंट येणे क्रमप्राप्त होते. त्याने दांपत्याला बहात्तरचा नियम समजावून दिला, ज्यानुसार ७२ ला वाढीच्या दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. इंजिनिअरिंगचा खर्च वर्षाला १२ टक्क्यांनी वाढतो असे त्याने आधी धरून घेतले, तेव्हा तो दर सहा वर्षांनी दुप्पट होणार आणि अठरा वर्षांत आठपट होणार, म्हणजे आजचे १५ लाख त्या दिवशी एक कोटी वीस लाखांच्या घरात जाणार, हे त्याने चहा गार होण्याच्या आत कागदावर मांडून दाखवले. पत्नीने विचारले की मग तोपर्यंत पगार काय होईल, त्यावर एजंटने पगार आहे तोच धरला असल्याचे सांगितले, "सेफ साइडला राहिलेलं बरं, मॅडम." फी आठपट आणि पगार तसाच, या गृहीतकावर जगातले कोणतेही मूल परवडत नाही, आणि तीस वर्षांपूर्वी तो एजंट स्वतःही परवडला नसता, पण कोटी हा शब्द एकदा घरात शिरला की बाकीचे शब्द बाहेर चपला शोधू लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेले, दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येणारे सुकन्या समृद्धीचे खाते पोस्टात जाऊन स्वतः उघडता येते आणि मध्ये एजंट लागत नाही. एजंटच्या बोलण्यात ते बहुधा त्याच कारणाने आले नाही.

येथवर संबंधित दांपत्य हे परहिशेबाचे निरपराध बळी आहे असा वाचकाचा समज झाला असेल, तर तो दुरुस्त केला पाहिजे. चौकट रुंद करण्यापेक्षा दुसऱ्याचा हिशेब काढणे सोपे, हे त्यांनाही लवकरच उमगले. पतीच्या कार्यालयातला एक सहकारी ठाण्याला घोडबंदर रोडवर राहत होता. हुद्दा तोच, म्हणजे पगार जवळजवळ तोच, आणि तरीही दोन मुले, मोटार, आणि शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल'. रात्री दिवा मालवल्यावर तिसऱ्या मजल्यावरही तोच तीन शब्दांचा प्रश्न उमटला. "सासऱ्यांनी फ्लॅट दिला असेल." "किंवा त्यांच्यावर मोठं कर्ज असेल." दुसरी शक्यता अधिक सुखद वाटल्याने ती मान्य झाली आणि दोघांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

तरी खात्री करून घेण्यासाठी ते एका शनिवारी त्या सहकाऱ्याकडे जेवायला गेले. शाळेच्या फीचा आकडा थेट विचारणे असभ्य मानले जाते, म्हणून पतीने आधी पावसाचा, मग रस्त्याच्या खड्ड्यांचा, मग स्कूलबसचा विषय काढला आणि बसमधून हळूच शाळेत उतरला.

"फी बरीच असेल ना रे?"

"नाही रे, नॉर्मल आहे."

नॉर्मल हे मराठी मध्यमवर्गातले अधिकृत चलन आहे. त्याची किंमत सांगणाऱ्याला माहीत असते, ऐकणाऱ्याला विचारता येत नाही, आणि दोघेही ते सुट्टे न करता खिशात ठेवतात. मग सहकाऱ्याच्या पत्नीने श्रीखंड वाढता वाढता डोंबिवलीचा हप्ता केवढा बसतो असे विचारले, आणि तोही नॉर्मल असल्याचे कळले. तीन तासांत चार माणसांनी एकमेकांना एकही आकडा दिला नाही. निघताना सहकारी लिफ्टपर्यंत पोचवायला आला आणि दार मिटता मिटता म्हणाला, "तुमचं बरंय यार, दोघं कमावता, मूल नाही, आम्हाला कळतच नाही तुम्ही एवढे पैसे ठेवता कुठं!" घोडबंदर रोडपासून डोंबिवलीपर्यंत रिक्षा, बस आणि लोकल असा दीड तासाचा प्रवास दोघांनी एक अक्षरही न बोलता केला. घरात शिरल्यावर मात्र पत्नीने पर्स ठेवण्यापूर्वीच "नक्की कर्जच आहे" असा निकाल दिला.

मूल अखेर हिशेब पुरा होण्याच्या आधीच येऊ घातले, हे सांगण्याची वास्तविक गरज नाही, कारण ते बहुतेकांच्या घरी तसेच येते. बातमी फुटताच परहिशेबशास्त्रज्ञांनी आपापली संशोधने एका दिवसात मागे घेतली. "यांना परवडेल का" या प्रश्नाची जागा "हिला खायला काय हवं" या प्रश्नाने घेतली, आणि ज्या काकूंनी मिक्सरएवढ्या खोक्यावर प्रबंध रचला होता, त्यांनीच लाडवांचा डबा तिसऱ्या मजल्यापर्यंत, मध्ये दोनदा कठड्याला टेकत, स्वतः चढवून आणला. त्यात खोबरे किती, गूळ किती आणि तूप कुठले, याचा त्यांनी अवाक्षराने उल्लेख केला नाही. या विद्येच्या इतिहासात असा दाखला विरळा. डोहाळजेवणाच्या झोपाळ्याची फुले पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी भिशीच्या पैशांतून आणली. बारशाला चौदा दुपटी, तीन जोड चांदीचे वाळे, एकसारखे सहा खुळखुळे आणि बाळाला बरोबर नऊ दिवस झालेली झबली मिळाली. एक्सेलच्या पानावर यांतली एकही वस्तू जमेच्या बाजूला धरलेली नव्हती, पण दुपटी ठेवायला लागलेले नवे कपाटही खर्चाच्या बाजूला धरलेले नव्हते.

मालिश करणाऱ्या मावशींचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण परहिशेबशास्त्राच्या दृष्टीने त्या पूर्ण निरक्षर निघाल्या. त्या पहिल्या दिवशी आल्या, दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "महिन्याचे पैसे आधी, तेल तुमचं, धुरीचा ओवा-वावडिंग तुमचं, चाळीस दिवस झाले की साडी," आणि बाळाला पायांवर उताणे घेऊन बसल्या. या घरात किती पैसा येतो हे न विचारता आपण किती घेणार ते सांगणारे माणूस चार वर्षांत प्रथमच त्या उंबऱ्याच्या आत आले होते. दांपत्य इतके भारावले की त्यांनी घासाघीस केली नाही, आणि तळमजल्यावर त्याचा बोभाटा झाला: "बघा, दोनशे जास्त देतात बाईला. भाव वाढवून ठेवला इमारतीचा."

एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला. संबंधित पतीच्या आत्याबाईंकडे घराण्याचा सागवानी पाळणा होता. त्यात सात मुले वाढली होती, ज्यांत स्वतः संबंधित पतीही होता. लग्नानंतर पहिल्या वटपौर्णिमेपासून आत्याबाई दर सणाला "पाळणा माळ्यावर तयार आहे हो, तुमचंच अडलंय" असे सांगत आल्या होत्या. तो आणायला टेम्पो ठरवून पती पुण्याला गेला, तेव्हा माळ्यावर गणपतीचे मखर आणि जुने पंखे तेवढे निघाले. पाळणा धाकट्या आतेभावाच्या नव्या फ्लॅटच्या दारात टांगलेला होता आणि त्यात मनी प्लांट लावलेला होता. इंटीरियरवाल्याने सुचवले होते, आणि आतेभावाच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे पैसेही नॉर्मलच पडले होते. वेल कठड्यातून खाली लोंबत होती आणि चांगली फोफावली होती. टेम्पो रिकामा परतला, त्याचे जाण्यायेण्याचे भाडे 'इतर' या ओळीत मांडले गेले, आणि बाळ तूर्त दोरीला बांधलेल्या आजीच्या नऊवारीच्या झोळीत झोपते.

तरी वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर धड कड्यांचा, न डुगडुगणारा पाळणा पडून असल्यास त्यांनी तो डोंबिवली पूर्वेला देण्याचे करावे, ही विनंती. टेम्पोचे भाडे संबंधित दांपत्य भरेल. ते त्यांना परवडते कसे, याची चौकशी करू नये.